इंग्रजीचं पारायण

मला इंग्रजी येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर धारूरच्या स्टँडवर कुणीतरी गाठून म्हणायचं, "नाना, दिवाळी अंकात लई इंग्रजी झाडली म्हनं." मला येतं ते इंग्रजी टायपिंग. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. कॉलेजच्या फाटकासमोर मी एकोणतीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. इंग्रजी वाङ्मयावरचे चाळीसेक प्रबंध माझ्या बोटांखालून गेले, आणि त्यातल्या एकाही गोष्टीत शेवटी कोण मेलं ते मला सांगता येणार नाही.

वाचणारा टायपिस्ट कामातून जातो, हे पहिल्यांदा समजून घ्या. डोळे कागदावर, बोटं मशीनवर, आणि मन दुसरीकडं कुठंही असलं तरी चालतं. माझं मन बहुतेक वेळा जेवणाच्या डब्यात असायचं. मजकूर वाचायला लागलात की त्यात गुंतता, गुंतलात की बोटं अडखळतात. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी हेच सांगायचो, की बाबांनो, अर्थाच्या नादी लागू नका, अर्थानं लई चांगल्या माणसांची स्पीड घालवली आहे.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. अंबाजोगाईचे एक प्राध्यापक प्रबंध घेऊन आले आणि म्हणाले, "नाना, विद्यापीठाला दोनशे पानं पाहिजेत आणि माझं लिहून एकशेवीसच झालंय." मी म्हणालो, "तुमी लिहायचं थांबा, आता माझं काम हाय." दोन्हीकडं ऐसपैस मार्जिन सोडलं, ओळींत जागा वाढवली, कवितेचे उतारे आले तिथं तर पान मोकळंच. दोनशे चार पानं भरली. त्यांना पदवी मिळाली, पेढे घेऊन आले. त्या पदवीतली ऐंशी पानं माझी आहेत, पण ते जाऊ द्या.

आता व्याख्यानाचं सांगतो. आमच्या कॉलेजात माधव सर म्हणून इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते वारल्यावर त्यांच्या नावानं विद्यापीठाचं इंग्रजी वाङ्मयावरचं स्मृतिव्याख्यान दरसाल आमच्याकडं व्हायला लागलं. त्याला देणगी दिली ती शिवलिंग आप्पांनी. आप्पा म्हणजे धारूरच्या पेठेतले कापडवाले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि माधव सरांच्या हाताखाली इंग्रजीत चार वेळा नापास. पाचव्यांदा परीक्षेला न बसता त्यांनी दुकान टाकलं. उद्घाटनाला माधव सर आले आणि म्हणाले, "आप्पा, तुम्ही गेल्यानं इंग्रजीचं फार नुकसान झालं." हे वाक्य आप्पा मरेपर्यंत कौतुकानं सांगायचे. चार वेळा नापास करून एकदाही हिणवलं नाही, असा माणूस देवच म्हणायचा, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या वर्षी वक्ते आले, दीड तास इंग्रजीत बोलले आणि गेले. आप्पा पुढच्या खुर्चीत बसून लालबुंद झालेले. बाहेर आल्यावर प्राचार्यांना म्हणाले, "हे कसलं वाचन म्हनायचं? वर बसलेला एकटाच वाचतोय, खाली कुनाच्या हातात पोथी न्हाई. आन् अर्थ कोन सांगनार?"

आमच्याकडं श्रावणात महादेवाच्या देवळात पोथी लागते, ते ज्यांनी बघितलंय त्यांना आप्पांचा राग कळेल. वाचणारा वर बसतो. खाली प्रत्येकाच्या मांडीवर तीच पोथी, आणि वाचणाऱ्याबरोबर प्रत्येकाचं बोट ओळीवरून सरकतं. वाचणाऱ्यानं ओळ गाळली की कोपऱ्यातला म्हातारासुद्धा "थांबा महाराज" म्हणतो आणि महाराजांना मागं यावं लागतं. वाचून झालं की एकजण अर्थ सांगतो. आणि सुरू केलेलं वाचन अर्धं सोडायचं नाही. आप्पांनी देणगीच्या कागदावर लिहूनच घेतलं, की पुढच्या सालापासून असंच होईल. विद्यापीठानं नाक मुरडलं, पण देणगी आप्पांची होती.

त्यामुळं मी या व्याख्यानात आलो. वक्त्यानं लेख आधी टपालानं पाठवायचा, मी तो स्टेन्सिलवर टाइप करायचा, सायक्लोस्टाइल मशीनवर दोनशे प्रती काढायच्या, टाचायच्या. वक्त्यानंसुद्धा त्यातलीच एक प्रत घेऊन वाचायचं, म्हणजे सगळे एका पानावर. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. अक्षर त्यावर उमटत नाही, कापलं जातं. चूक झाली तर खोडता येत नाही. बारक्या बाटलीत लाल औषध असतं, त्याचा थेंब ब्रशनं लावायचा, फुंकर मारायची, वाळू द्यायचं आणि वर नवं अक्षर मारायचं.

तेव्हा गावात नुकती एसटीडीची पिवळी खोकी आली होती, घरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि पेठेत तीन ठिकाणी फाडफाड इंग्रजी शिकवायच्या पाट्या लागल्या होत्या. दिंद्रुड, चौसाळ्यापासून आईबाप पोरांना घेऊन या व्याख्यानाला यायचे. दोन तास इंग्रजी कानावर पडली तर थोडीफार आत मुरेल, असा हिशेब. हॉल खच्चून भरायचा. दोनशे बोटं दोनशे कागदांवर, आणि वक्ता पान उलटायचा तेव्हा सगळ्या हॉलची पानं एकदम उलटायची. शहरातून आलेले वक्ते त्या आवाजानं पहिल्यांदा दचकायचेच.

अर्थ सांगायला सुनंदाबाई असायच्या. या बाई आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापक. म्हणजे शिकवायचं सगळं, पण नोकरी आहे असं म्हणायचं नाही. नऊ वर्षं अशीच गेलेली. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, बाई मावशीकडं राहून शिकल्या. माझ्याकडंच टायपिंग शिकल्या. वक्ता दोन पानं वाचून थांबायचा आणि बाई उठून पाच मिनिटांत मराठीत असं सांगायच्या, की वक्त्यालासुद्धा आपण काय म्हणालो ते कळायचं.

त्या वर्षी बाईंच्या जागेची जाहिरात निघाली. कायमची जागा. मुलाखत व्याख्यानानंतर महिन्यानं, आणि मुलाखत घेणार विद्यापीठाचे इंग्रजीचे विभागप्रमुख. व्याख्यानाचे वक्तेही तेच. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचे नातेवाईक जागोजागी आहेत. बाईंच्या एम.फिल.चे मार्गदर्शकसुद्धा तेच होते. प्राचार्यांनी बाईंना बजावलं, "व्याख्यान नीट पार पाडा. साहेब खुश झाले की तुमचं काम झालंच म्हणून समजा."

साहेबांचा लेख आला. झकास हिरव्या शाईत, बावीस पानं. मी टाइप करायला बसलो. पहिली पाच पानं ठीक गेली. सहाव्या पानावर माझ्या लक्षात आलं, की कागदावरचा शब्द बघायच्या आधीच तो माझ्या बोटांनी मारलाय. पुन्हा तेच. ओळीच्या ओळी बोटं पुढं पळताहेत आणि डोळे मागून येताहेत. वीस-बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मशीन थांबवलं आणि कपाट उघडलं. प्रबंधाची शेवटची कार्बन प्रत टायपिस्टकडं राहते, ती कुणी नेत नाही, कारण ती कुणाला वाचता येत नाही. मला येते. सुनंदाबाईंचा प्रबंध काढला आणि शेजारी ठेवला.

सहा ते अठरा, तेरा पानं शब्दाला शब्द. आणि माझ्या बोटांना ती पाठ कशी, तर साहेबांनीच हा प्रबंध "समाधानकारक नाही" म्हणून तीनदा परत पाठवला होता, आणि तीनदा मी तो पहिल्यापासून टाइप केला होता. आता तोच एवढा समाधानकारक झाला होता, की स्वतःच्या नावावर वाचायला घेतला.

दोन्ही कागद घेऊन मी बाईंकडं गेलो. वर्ग सुटला होता, त्या फळा पुसत होत्या. वाचलं. डस्टर टेबलावर ठेवला.

"नाना, आहे तसं टाइप करा."

"आवं, पन कावून? चोरी हाय ही. सरळसरळ."

"मुलाखत महिन्यावर हाय. आई आता उसाला जायला नको म्हणते, गुडघे गेलेत तिचे. तेरा पानांत मला ही जागा मिळत असंल तर घेऊ द्या त्यांना तेरा पानं. तुमी काही करू नका. शब्द द्या मला."

मी शब्द दिला. राग असा आला होता, की सायकल हातात धरून चालत परत आलो, बसायचं सुचलं नाही.

पुन्हा मशीनवर बसलो. पानामागून पान. अकराव्या पानाच्या तळाशी मजकूर संपला आणि बोटांनी एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली दोन ओळी टाकल्या. मी बघितलं तेव्हा त्या टाकून झाल्या होत्या. साहेबांच्या हिरव्या कागदात ती रेघही नव्हती आणि त्या ओळीही नव्हत्या. बाईंच्या प्रबंधात होत्या, तळटीप म्हणून. साहेबांनी उतरवताना तेवढी टीप सोडली होती.

व्याख्यान पोळ्याच्या आधल्या आठवड्यात होतं. तोडीला टोळ्या अजून जायच्या होत्या, त्यामुळं सुनंदाबाईंची आई, गयाबाई, गावातच होती आणि लेकीचा कार्यक्रम म्हणून मागं बायकांत येऊन बसली होती. स्टेजवर माधव सरांचा फोटो, हार, समई, गार पेयाच्या बाटल्या, नळ्यांसकट. सत्कारासाठी आप्पांच्या दुकानातला शालींचा आणि साड्यांचा गठ्ठा. सत्कारात पाऊण तास गेला. चपराशाचा सत्कार झाला, माझा झाला, समई पेटवणाऱ्याचाही झाला.

साहेब वाचायला लागले. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोला. दोनशे बोटं निघाली. दोन पानं झाली की बाई अर्थ सांगायच्या. विषय होता तिकडं विलायतेतल्या खेड्यांतल्या मजूर बाया आणि त्यांची कामावरची गाणी. साहेबांनी अकरावं पान संपवलं आणि बारावं उलटलं. हॉलमध्ये एकही पान उलटलं नाही.

"थांबा महाराज," आप्पा म्हणाले. त्यांचं बोट कागदाच्या तळाशी टेकलेलं. "खालच्या दोन वळी राहिल्या."

साहेब हसले. म्हणाले, "ती तळटीप आहे. टिपा वाचायच्या नसतात."

"छापलंय ते वाचायचं असतंय. गाळल्याचा दोष वाचनाऱ्याला लागतो."

मागून पोरांनी गलका केला, "राहिल्या, राहिल्या!" साहेबांनी चष्मा सारखा केला आणि त्या दोन ओळी वाचल्या. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. आपण काय वाचतोय ते त्यांना दुसऱ्या ओळीवर समजलं असावं.

आप्पा बाईंकडं वळले. "अर्थ?"

सुनंदाबाई उठल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी पदर खोचला आणि सरळ आवाजात सांगायला सुरुवात केली. "सर म्हणतात, मोठेमोठे विद्वान लिहितात की बाया कामावर गातात त्या आनंदात असतात म्हणून. सर म्हणतात, तसं नाही. बाई गाते ती शेजारणीच्या हाताला आपला हात जुळून राहावा म्हणून. गाणं थांबलं तर कोयता चुकतो. सर म्हणतात, हे मला..." इथं त्या थांबल्या. "हे मला माझ्या आईनं सांगितलं. आईनं बावीस सीझन ऊस तोडला."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बीड जिल्ह्यात कुणाची तरी मावशी, कुणाचा तरी चुलता तोडीला गेलेला असतोच. एवढा सुटाबुटातला विभागप्रमुख आणि आई ऊसतोड कामगार! आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून स्टेजवर गेले, गठ्ठ्यातली सगळ्यात भारी साडी काढली, जांभळी, जरीकाठाची. "सायेब, आमच्या लेकी-सुना ज्या फडात राबल्या तिथंच तुमची माय राबली. हे लुगडं तिला द्या. सांगा, धारूरच्या आप्पानं दिलंय."

साहेबांना एक वाक्य बोलता आलं असतं. त्यांचे वडील वकील होते हे कॉलेजात निम्म्या लोकांना माहीत होतं. पण टाळ्या वाजत होत्या, फोटोग्राफर पुढं आला होता. साहेबांनी दोन्ही हात पुढं केले.

सुनंदाबाई स्टेजची पायरी चढल्या कधी ते मला दिसलंच नाही. त्यांनी साडीचा एक काठ धरला होता. माइक चालू होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, पानं घेतली ती घ्या. आई माझी हाय."

कुणाला काही उमगेना. आप्पा एकदा बाईंकडं, एकदा साहेबांकडं बघत राहिले. "म्हंजी? मग यांची कोन?" बाईंनी मागं बोट केलं. बायकांनी गयाबाईला उठवलं आणि ढकलत पुढं आणलं. गयाबाईनं साडी घेतली, डोक्यावर पदर ओढला आणि साहेबांना हात जोडून म्हणाली, "सायेब, लई झाक वाचलं बगा तुमी. मला काय बी कळलं न्हाई, पन झाक वाचलं."

साहेब ब्रीफकेस उचलायला लागले. आप्पांनी हात आडवा धरला. आता त्यांना सगळं उमगलं होतं. "अर्धं सोडून जाता येत न्हाई. बसा. अकरा पानं राहिलीत." आणि विभागप्रमुखांनी सुनंदाबाईंची उरलेली सात पानं आणि स्वतःची चार, सगळ्या हॉलच्या बोटाखाली, एकही ओळ न गाळता वाचून काढली. बाईंनी उभं राहून सगळ्याचा अर्थ सांगितला. असा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी रात्रीचं जेवण दुप्पट जेवलो.

महिन्यानं मुलाखती झाल्या. कॉलेजातून एक ओळीचं पत्र टाइपला आलं. "योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही." तीन प्रती. त्या मीच टाइप केल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी टाइप करताना मजकूर वाचत होतो, आणि एका ओळीत चार चुका केल्या.

पत्र चपराशाकडं न देता मी स्वतः बाईंच्या घरी घेऊन गेलो. गयाबाई दारात कोयत्याला धार लावत होती. दोन दिवसांनी टोळी निघणार होती. ती मला बघून हसली. म्हणाली, "नाना, अजून गावात लोक इचारत्यात, खरंच तुजं बोलनं सायेबानं वाचलं का म्हणून." मला तिथं उभं राहवेना.

बाईंनी पत्र वाचून घडी घातली. मी म्हणालो, "बाई, एक सांगायचंय. त्या दोन ओळी बोटांनी मारल्या, ते खरं हाय. पन मला दिसल्या होत्या. लाल औषधाची बाटली हाताशी होती. थेंब लावला असता तर दोन मिनिटांत गेल्या असत्या. मी बूच उघडलं आन् परत लावलं."

"मला त्याच दिवशी कळलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातून अशी चूक होत न्हाई."

"मग बोलल्या कावून न्हाईत?"

"काय बोलू? त्यांनी मला न इचारता माझी पानं घेतली. तुमी मला न इचारता माझी नोकरी पणाला लावली. मी शब्द मागितला होता तुमाला, नाना. तुमी मला शिकवलंय म्हणून मागितला होता."

मी म्हणालो, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "होय." आणि आत गेल्या. आईची पिशवी भरायची होती.

पुढं चार वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि बाईंना ती जागा मिळाली. गयाबाई त्या चारही सीझनला तसल्याच गुडघ्यांनी फडात गेली. लोक अजून मला म्हणतात, नाना, काय अद्दल घडवली तुमी! मी हसून मान डोलावतो. अद्दल घडली हे खरंच आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे, नाही म्हणत नाही. पण ते चार सीझन मी गयाबाईच्या जागी गेलो नव्हतो.

नोकरी लागली त्याच साली स्मृतिव्याख्यानाला वक्त्या म्हणून सुनंदाबाईंना बोलावलं. मी नवं स्टेन्सिल आणून ठेवलं, मशीनला तेल घातलं. लेख आलाच नाही. बाईंनी तो माझ्या इन्स्टिट्यूटच्या समोरच नव्यानं निघालेल्या कॉम्प्युटरवाल्याकडं दिला. प्रत हातात आल्यावर मी बघितली. मार्जिनसुद्धा धड सोडलेलं नव्हतं गड्यानं. पण बाईंनी जे लिहिलं होतं तेवढंच त्यानं छापलं होतं, आणि बाईंना तेवढंच पाहिजे होतं.